बर्फावरची कैफियत

दस्तनोंदणीच्या कचेरीत खरेदीखते आणि गहाणखते तपासण्यात उभी हयात खर्ची घातलेल्या बाईने, निवृत्तिवेतन हाती पडू लागते न लागते तोच, स्वित्झर्लंडच्या पहाडात केवळ स्त्रियांसाठी भरणाऱ्या एका स्कीइंगच्या शिबिरात एकटीने दाखल व्हावे, ही तजवीज आमच्या आप्तवर्गाला प्रथम थट्टेची, मग काळजीची आणि अखेरीस, खर्चाचा आकडा कानी गेल्यावर, निव्वळ उधळपट्टीची वाटली. "ताई, आपलं हे वय काय घसरायचं आहे?" असे आमच्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या प्रश्नातील श्लेष त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आला नसावा. गुलमर्गच्या सौम्य उतारांवर या विद्येचे प्राथमिक पाठ मी रीतसर घेतले होते; स्कीची पुढची टोके जवळ आणून वेग आवरणे, वळणे आणि हवे तेथे थांबणे एवढे मला येत होते, आणि एवढ्यावर पुढचे शिक्षण घ्यायला हरकत नसावी, असा माझा अदमास होता. तो खोटा ठरला नाही. मी परत आले ती मात्र दुखावलेला गुडघा घेऊन, आणि त्या दुखण्याचे मूळ शोधू जाता ते शेवटी एका छापील अर्जात सापडले, म्हणून माझ्यामागून त्या वाटेने जाणाऱ्या भगिनींच्या उपयोगासाठी ही हकीकत लिहून ठेवीत आहे.

केवळ स्त्रियांचेच शिबिर कशासाठी, असे मला पुष्कळांनी विचारले. मिश्र वर्गात शिक्षक उताराची अडचण समजावून सांगतो ती बहुधा पुरुषांकडे तोंड करून, आणि आपण मध्येच थांबलो की "सावकाश या, घाई नाही" असे जे म्हटले जाते त्यातील सौजन्यानेच पाय अधिक कापू लागतात. पण त्याहून सबळ कारण शरीररचनेचे आहे. बाईच्या पोटरीचा स्नायू पुरुषाच्या मानाने खालपर्यंत उतरलेला असतो, त्यामुळे पुरुषाच्या मापाने घडवलेल्या ताठ बुटाची नळी तिच्या पोटरीला काचते आणि तिला नकळत मागे रेलायला लावते, आणि मागे रेलणे हे तर या विद्येत सर्व अनर्थांचे बीज मानले जाते. गुडघ्याच्या आतील पुढचा अस्थिबंधही हौशी स्कीपटूंत पुरुषांपेक्षा स्त्रियांचाच अधिक वेळा तुटतो. हे सारे जेथे संकोचावाचून बोलता येईल, जेथे शिकवणारीही बाईच असेल, अशा ठिकाणी जाणे मला श्रेयस्कर वाटले, आणि ते मत गुडघा दुखावल्यावरही बदललेले नाही.

शिबिराचे स्थळ होते बर्नीज ओबरलँडमधील म्युरेन. लाउटरब्रुनेनच्या खोल दरीच्या एका कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १६५० मीटर उंचीवर वसलेल्या या खेड्यात पाहुण्याला मोटारीने जाता येत नाही. आणि समोर आयगर, म्योंख व युंगफ्राऊ ही तीन शिखरे अशी उभी असतात की पहिल्या दिवशी शिक्षिकेच्या बोलण्याकडे लक्ष लागणे कठीणच. स्कीइंगच्या इतिहासात या गावाचे स्थान मोठे आहे. आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थांनी १९२२ साली येथेच पताकांच्या मधून वळणे घेत उतरण्याची आधुनिक स्लॅलम शर्यत प्रथम आखली. हे लन जन्माने मद्रासचे, त्यांचे वडील तेथे मिशनरी होते. पुढच्याच वर्षी येथे स्त्रियांचा स्वतंत्र स्की क्लब निघाला आणि १९२४ साली कंदाहार क्लब. कंदाहार म्हटले की मराठी माणसाला अब्दाली आठवायचा आणि पाठोपाठ पानिपत, त्यामुळे आल्प्सच्या कुशीत ते नाव वाचून मी क्षणभर दचकलेच. परंतु क्लबाने ते घेतले लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या किताबावरून, ज्यांच्या नावाचा चषक १९११ पासून स्कीच्या शर्यतीला लावलेला होता. १९३१ साली अल्पाइन स्कीइंगच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पहिल्या शर्यती याच गावी भरल्या तेव्हा त्यांत स्त्रियांच्या शर्यतीही होत्या, आणि एस्मे मॅकिनन या तरुणीने सरळ उताराची व स्लॅलमची अशा दोन्ही जिंकल्या. ऑलिंपिकचे दार अल्पाइन स्कीइंगला उघडले ते १९३६ साली, म्हणजे त्यानंतर. आपल्याकडील आंचल ठाकूर हिने २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवले, ते या खेळातील भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक. ही वार्ता मी तिकडच्या बायकांना सांगितली तेव्हा हिमालयाच्या देशाला एवढा उशीर का लागावा, असे त्यांनी विचारले, आणि त्याचे उत्तर मला देता आले नाही.

आता दस्तऐवजांकडे वळते, कारण एकटीने प्रवास करणाऱ्या बाईचा खरा सोबती तोच असतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेन करारात आहे, म्हणून अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवस आधी तो केलाच पाहिजे असा नियम असला तरी हिवाळ्याच्या हंगामात त्या पंधरा दिवसांवर विसंबणे म्हणजे जुगार. नवऱ्याचे वा मुलाचे संमतिपत्र कोणी मागत नाही, ही गोष्ट आमच्या पिढीच्या पुष्कळ बायकांना ठाऊक नसते म्हणून मुद्दाम नमूद करते. मागतात ते बँकेचे उतारे, उत्पन्नाचा दाखला, परतीचे आरक्षण आणि मुक्कामाचा पुरावा, आणि शिबिरवाल्यांकडून तारखा, पत्ता व भरलेली रक्कम यांचा स्पष्ट उल्लेख असलेले पत्र घेतले म्हणजे "एकट्या कशासाठी जाता?" या प्रश्नाचे उत्तर कागदच देतो.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. कारण ही अट पुरी करणारी स्वस्त पॉलिसी हातात पडते, व्हिसाही मंजूर होतो, आणि त्या पॉलिसीच्या पोटात कोठेतरी बारीक टाइपात हिवाळी खेळांतील अपघात वगळलेले असतात. मला सदाशिव पेठेतील आमच्या जुन्या विमेवाल्यांनी सावध केले. "ताई, बर्फात खेळणार असाल तर 'स्कीइंग' हा शब्द कागदावर आलाच पाहिजे. मागाहून तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही," असे ते म्हणाले, आणि जास्तीचा हप्ता घेऊन तो शब्द त्यांनी आणून दिला. तेवढ्यावर न थांबता आखलेल्या उतारांबाहेरचे स्कीइंग धरले आहे की नाही, उतारावरून खाली आणण्याचा आणि प्रसंगी हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे की नाही, आपण दुसऱ्यावर आदळलो तर त्याच्या नुकसानीची जबाबदारी कोण घेणार, गुडघ्याचे जुने दुखणे 'पूर्वीचा आजार' म्हणून दावा नाकारायला कारण होणार नाही ना, आणि अपघातानंतर किती तासांत कळवावयाचे, ही कलमे बोट ठेवून वाचावीत. स्वित्झर्लंडमध्ये उतारावरील बचावपथकाच्या घसरगाडीचेही बिल सामान्यतः जखमीच्याच नावे येते. रेगा या १९५२ साली स्थापन झालेल्या हवाई बचाव संस्थेचा क्रमांक १४१४ आणि रुग्णवाहिकेचा १४४ हे दोन आकडे पारपत्राच्या कव्हरात लिहून ठेवावेत. मोबाइल थंडीने मरतो, हे लक्षात असू द्यावे.

प्रवासाविषयी थोडेच. झ्यूरिखच्या विमानतळाखालीच रेल्वे मिळते. बर्न, इंटरलाकेन, लाउटरब्रुनेन, तेथून दोरवाटेने ग्रुचाल्प आणि तेथून कड्याच्या काठाने धावणारी चिमुकली गाडी म्युरेनला पोचवते. या गाड्या बदलताना जिन्यांवरून आणि फलाटांवरून पेटी स्वतःलाच ओढावी लागते, तेव्हा ओझे उचलवेल तेवढेच घ्यावे. आतले लोकरीचे कपडे, हातमोजे, गॉगल आणि औषधे हातातल्या पिशवीत असावीत, कारण माझी मोठी पेटी विमानाबरोबर आलीच नाही आणि ती येईपर्यंत त्या पिशवीनेच अब्रू राखली. उजेडात पोचेल अशा बेताने विमान धरावे. इंटरलाकेनच्या फलाटावर मराठी हमखास कानी पडते. यश चोप्रांचा पुतळाच त्या गावात उभा आहे, तेव्हा नवल नाही. सहलीच्या एका जथ्यातील काकूंनी माझी पिशवी, मी आणि माझ्या मागेपुढे कोणी नाही हे न्याहाळून "एकट्याच? आणि मिस्टर?" असे विचारले, आणि मिस्टर पुण्यात मांजर सांभाळीत आहेत हे ऐकून त्या इतक्या मनमोकळ्या हसल्या की पुढचा सारा प्रवास मला सोपा गेला.

शिबिराची वर्दळ आनंदाची होती. निरनिराळ्या देशांतल्या, बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या बायका. सकाळी वर्ग, दुपारी सराव, सायंकाळी योगासने. ती शिकवणारी गोरी बाई दर आसनानंतर माझ्याकडे अनुमोदनाच्या अपेक्षेने पाही, आणि मी आयुष्यात शवासनापलीकडे काही धड केलेले नसल्यामुळे मोठ्या गांभीर्याने मान हलवी. पण अशा मेळाव्याचा एक धोका आहे, आणि तो बर्फापेक्षा स्निग्ध असल्यामुळे ओळखू येत नाही. सगळ्याजणी एकमेकींना उत्तेजन देत असतात. "तुला जमेल, चल की" या शब्दांमागे निर्मळ प्रेम असते. आणि त्या प्रेमाला नाही म्हणणे हे आपल्यासारख्या भिडस्त संस्कारांत वाढलेल्या बाईला उतार उतरण्यापेक्षा अवघड जाते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. डोंगरावर तिचे नाते आणखी वाईट ठिकाणी जुळते. स्वित्झर्लंडमध्ये उतारांच्या खांबांवर निळा, तांबडा आणि काळा असे चढत्या कठीणपणाचे रंग असतात, आणि म्युरेनचे उतार एकंदरीत खडे. शिल्टहॉर्नच्या २९७० मीटर उंच माथ्यावरून निघणारा काळा उतार तर नवशिक्यासाठी नव्हेच. शेवटच्या फेरीला सगळ्याजणी तेथे जाण्याचा बेत निघाला तेव्हा आकाश भरून आले होते, उजेड सपाट झाला होता आणि बर्फावरचा खड्डा व उंचवटा यांतला भेद डोळ्यांना कळेनासा झाला होता. मी दोरवाटेने वर गेले, कॉफी घेतली आणि दोरवाटेनेच खाली आले. कोणीही रागावले नाही. वर जाणारी दोरवाट खालीही येते, ही साधी गोष्ट नव्या बाईने प्रत्येक सकाळी स्वतःला सांगावी.

अपघात झाला तो विंटरएगच्या सौम्य उतारावर, जेथे मुले खेळतात. त्याची कथा मात्र दुकानापासून सुरू करायला हवी. भाड्याच्या स्कीला बूट धरून ठेवणारी जी यंत्रणा असते, बाइंडिंग म्हणतात तिला, तिचे काम दुहेरी असते: चालू असताना बूट घट्ट धरणे आणि पडताना तो वेळीच सोडणे. किती जोर पडल्यावर सोडायचे हे स्क्रूने ठरवतात, आणि तो आकडा पुढच्या व मागच्या भागावर नखाएवढ्या खिडकीत दिसतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीपटूचा प्रकार, म्हणजे सावध, मध्यम की वेगवान, या पाच गोष्टींवरून तो तक्त्यात पाहून काढतात. पन्नाशी उलटली की एक पायरी खाली यावे लागते. शिबिरवाल्यांनी वेळ वाचावा म्हणून आम्हा सर्वजणींची माहिती अगोदरच दुकानाकडे धाडली होती. दुकानात गर्दी होती. बुटाचे माप मात्र पोऱ्याने काळजीपूर्वक घेतले, पावलाच्या सेंटिमीटरांत, आणि दोन मोजे घालू दिले नाहीत, जे योग्यच, कारण दुहेरी मोज्यांनी रक्त अडून पाय अधिक गारठतो. खिडकीतला आकडा साडेसहा होता. तो काय, असे मी विचारले, तेव्हा "तुमच्या अर्जाबरहुकूम" असे उत्तर मिळाले.

उन्हाने बर्फ ओला झाला होता, वेग चालण्याएवढा होता. एका वळणावर डावी स्की मऊ बर्फात अडकली, शरीर मागे आणि उजवीकडे बसते झाले, आणि स्की सुटायला हवी होती ती सुटली नाही. तिचे मागचे लांब टोक तरफ होऊन फिरले आणि त्याबरोबर पोटरी फिरली, मांडी मात्र जागच्या जागी राहिली. वेगाने पडणाऱ्याची स्की बहुधा सुटते. सावकाश, पिळवटून पडणाऱ्या नवशिक्याची, आकडा चढा असला की, सुटत नाही. माझ्याबरोबरच्या आयरिश बाई पेशाने परिचारिका होत्या. त्यांनी प्रथम माझ्या वरच्या अंगाला दोन स्की एकमेकींत फुलीसारख्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्यांना अपघाताची खूण पटावी, मग जवळच्या खांबावरचा क्रमांक बघून बचावपथकाला कळवला, आणि मग माझ्याकडे वळल्या. हा क्रम प्रत्येकीने पाठ करावा. मागून येणाऱ्याने पुढच्याला जपून वाट काढावी, अपघातस्थळी मदत करावी आणि आपली ओळख द्यावी, हे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या १९६७ साली ठरलेल्या दहा नियमांपैकीच आहेत. पण चिंचोळ्या जागी किंवा दृष्टीआड थांबू नये हाही त्यांतलाच एक आहे, आणि पडलेल्याला तो पाळता येत नाही, म्हणून ती फुली.

पथकाचा जो तरुण घसरगाडी घेऊन आला त्याने माझ्या गुडघ्याकडे पाहण्याआधी खिडकीकडे पाहिले. वजन विचारले. वय विचारले, आणि ते ऐकून भुवई वर केली. त्याच्या प्रतिवृत्तात तो आकडा लिहून घ्यावा अशी विनंती मी बर्फात बसल्या बसल्या केली, आणि ती त्याने हसत मान्य केली. माझ्या नोकरीचा तेवढाच उपयोग त्या प्रसंगी झाला. खाली दरीत डॉक्टरांनी तपासून सांगितले की आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला गेला आहे, तुटलेला नाही. पट्टा बांधून दिला आणि स्कीइंग बंद केले. परदेशी रुग्णाकडून विमा कंपनीचे हमीपत्र अथवा अनामत मागितली जाण्याचा संभव असतो, म्हणून दवाखान्याच्या वाटेवर असतानाच मदत-क्रमांकावर इत्तला द्यावी, आणि प्रतिवृत्त, निदानपत्र, बिले, पावत्या, क्ष-किरणचित्र या सर्वांच्या प्रती तेथल्या तेथे मागून घ्याव्यात. देश सोडल्यावर त्या मिळवणे म्हणजे दुसरा डोंगर चढणे होय.

दुसऱ्या दिवशी लंगडत दुकानात जाऊन मी तो अर्ज पाहिला. शिबिराच्या कचेरीने तयार केलेल्या त्या यादीत सर्वजणींच्या नावापुढे एकच प्रकार भरला होता, तोही सर्वांत वेगवान. आणि वयाचा रकाना मुळी नव्हताच. दुकानदाराने तक्ता उघडला आणि माझ्या वजन-उंची-वयाला आकडा चारच्या आसपास येतो असे दाखवून दिले. त्या यादीवर माझी सही नव्हती. तेव्हा कोणाही भगिनीने, आपली माहिती कोणी कितीही आपुलकीने परस्पर भरून देत असले तरी, दुकानात उभे राहून पाचही गोष्टी स्वतःच्या तोंडाने सांगाव्यात, तक्ता मागावा, खिडकीतला आकडा दोन्ही पायांचा आणि पुढचा-मागचा ताडून पाहावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. पैसे भरण्यापूर्वी शिबिरवाल्यांना लेखी विचारावयाच्या गोष्टी त्याहून सोप्या: शिक्षिका प्रमाणपत्रधारक आहेत का, एका शिक्षिकेकडे विद्यार्थिनी किती, गट कशावरून पाडतात आणि मध्येच खालच्या गटात जाता येते का, खोली वाटून घ्यावी लागते का, लिफ्टचा पास व साहित्य शुल्कात धरले आहे का, आणि आजारपणाने येता आले नाही तर किती परत.

किरकोळ बाबी अशा. उंचीबरोबर अतिनील किरण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले पुष्कळसे परत तोंडावर फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूसही मलम लावावे. सावळा रंग असल्याने ऊन लागत नाही हा आपला समज तेथे दोन दिवसांत उतरतो, कातडीसकट. शाकाहारी बाईला चीज, बटाटे आणि पाव यांवर सुखाने राहता येते, पण सूप कशाचे आहे ते विचारावे. मेतकूट न्यावे.

विम्याचा दावा मंजूर झाला. डॉक्टरांचे बिल आणि पट्टा बिनतक्रार मिळाले. घसरगाडीची पावती जर्मन भाषेत असल्याच्या सबबीवर तो भाग तहकूब राहिला होता, तो भाषांतर जोडल्यावर निकालात निघाला. बाइंडिंगच्या आकड्याची नोंद असलेले प्रतिवृत्त जोडून मी शिबिरवाल्यांनाही एक कैफियत धाडली, नुकसानभरपाईची मागणी न करता, आणि सोबत माहितीपत्रकाचा सुधारलेला मसुदा पाठवला. त्यांचे उत्तर सभ्य आहे. वयाचा रकाना यंदापासून घातला आहे, प्रकार जिचा तिने भरावा हेही मान्य आहे. परंतु खिडकीतला आकडा पाहून प्रत्येकीने सही करावी ही माझी तिसरी सूचना, ती दुकानाची बाब आहे असे म्हणून, त्यांनी फेटाळली आहे. तिच्याबाबत दुसरे पत्र लिहून तयार आहे. गुडघा बरा झाल्याचा दाखला हाती आला की त्यासोबत पुढच्या हिवाळ्याचा अर्जही पाठवीन.